अनामत म्हणजे घरमालकाचे बक्षीस नव्हे

वार्षिक परीक्षा आटोपल्या, शाळांना सुटी लागली, की मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून बिऱ्हाडे हलू लागतात. अकरा महिन्यांचे करार संपतात, कपाटे नि पलंग टेम्पोत चढतात आणि त्याबरोबर दरसालचा एक कलहही सुरू होतो. घर सोडणाऱ्याने किल्ली मालकाच्या हातावर ठेवलेली असते. परंतु घर घेताना जी अनामत रक्कम त्याने बिनबोभाट मोजून दिली, तिचा मात्र ठावठिकाणा नसतो. ‘रंगाचा खर्च निघू द्या’, ‘नवा भाडेकरू येऊ द्या, त्याचे डिपॉझिट आले की तुमचे देतो’, ‘विजेचे शेवटचे बिल यायचे आहे’, अशी कारणांची माळ संपता संपत नाही. शेवटी थकलेला भाडेकरू मिळेल तेवढे पदरात पाडून घेतो आणि उरलेल्यावर पाणी सोडतो. हा दोन माणसांमधला खाजगी देण्याघेण्याचा मामला आहे, वृत्तपत्राने त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जो व्यवहार शहरातील हजारो कुटुंबांना दर दोन-तीन वर्षांनी करावाच लागतो आणि ज्यात एका पक्षाच्या हाती सारी दोरी असते, तो खाजगी राहत नाही; तो सार्वजनिक न्यायाचा प्रश्न होतो.

प्रथम या रकमेचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. अनामत म्हणजे ठेव. ती भाडे नव्हे, देणगी नव्हे आणि दंडही नव्हे. घराचे नुकसान झाले किंवा भाडे थकले तर मालकाच्या हाती काही तारण असावे, एवढ्याचसाठी ती घेतली जाते. नुकसान नाही, थकबाकी नाही, तर तिच्यावर मालकाचा यत्किंचितही अधिकार राहत नाही. समजा, एखाद्या नोकरदार कुटुंबाने दरमहा ३०,००० रुपये भाड्याने घर घेतले आणि पाच महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे १,५०,००० रुपयांची अनामत दिली. घर बदलण्याच्या वेळी नव्या मालकाला त्याची अनामत किल्लीपूर्वी हवी असते आणि जुना मालक ‘महिनाभराने या’ म्हणतो. मधल्या काळात दुसरे दीड-दोन लाख आणायचे कोठून? मग नातेवाइकांपुढे हात पसरायचा, ठेव मोडायची, नाहीतर बायकोच्या बांगड्या तारण ठेवायच्या. स्वतःचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात सुखाने पडलेले असताना स्वतः कर्ज काढण्याची पाळी यावी, याहून विपरीत स्थिती कोणती?

ही प्रथा कोठून आली हे पाहिल्याशिवाय तिचा विचार पुरा होणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली. महायुद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यकच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धे शतक मुक्काम ठोकून राहिला. त्याने पागडीला बंदी केली आणि पागडी काळ्या पैशाच्या रूपाने सुखेनैव नांदली. भाडेकरू म्हणून घर दिले की ते गेलेच, अशी मालकांची समजूत झाली, म्हणून त्यांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट शोधली. १९७३ साली सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. त्यावेळी ते न्याय्य असेल, परंतु मालकांच्या मनात जी धास्ती त्यावेळी बसली ती आजतागायत उतरलेली नाही. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. या कायद्याने घर देताना अनामत अथवा अधिमूल्य घेणे वैध ठरवले. मात्र त्याला कमाल मर्यादा घातली नाही. पूर्वी जे चोरून चालत होते ते आता उजळ माथ्याने, पण लगामाविना चालू लागले.

याच कायद्याची न्यायबुद्धी कोणत्या बाजूला झुकली आहे ते पाहा. परवान्याची मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तर कलम २४ अन्वये त्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ताबा मिळवण्यासाठी मालकाला दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमलेला आहे. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत परवानाधारकाने बचावाची परवानगी मागितली नाही, तर निकाल त्याच्याविरुद्ध जातो. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद उत्तम आहे आणि तिला आमचा विरोधही नाही. परंतु ज्याने मुदतीच्या दिवशी निमूटपणे किल्ली परत केली, त्याची अनामत अडवून ठेवणाऱ्या मालकाला दुप्पट तर सोडाच, दिडीचीही शिक्षा या कायद्यात नाही. त्या सक्षम प्राधिकाऱ्याचे दारही त्याच्यासाठी उघडे नाही. तो पोलिसांकडे गेला तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकून परततो आणि दिवाणी दाव्याला किती वर्षे लागतात हे मालकालाही ठाऊक असते. घर अडवणारा गुन्हेगार आणि पैसे अडवणारा प्रतिष्ठित नागरिक, असा हा न्याय आहे!

यातील विसंगतीचा कळस मुद्रांक शुल्काच्या हिशेबात दिसतो. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर शासन पाव टक्का शुल्क घेते. ते आकारताना एकूण भाड्यात आणखी एक रक्कम मिळवली जाते; ती म्हणजे परत करावयाच्या अनामतीवर दरसाल दर शेकडा १० या दराने धरलेले व्याज. म्हणजे वरच्या उदाहरणातील दीड लाखावर मालकाला वर्षाला १५,००० रुपयांचा लाभ होतो, असे शासन स्वतःच गृहीत धरते आणि त्यावर आपला वाटा उचलते. मूळ रक्कम ज्याची, त्या भाडेकरूला मात्र त्या लाभातील एक छदामही मिळत नाही. इतकेच नव्हे, तर मूळ रक्कम तरी वेळेवर मिळावी, याचीही शासनाला फिकीर नाही. लाभ ओळखण्याइतकी दृष्टी ज्या राज्यसंस्थेला आहे, तिला अन्याय ओळखता येऊ नये काय?

आता कपातीच्या प्रश्नाकडे वळू. बहुतेक तंटे रंगरंगोटीवरून होतात. पाच वर्षे एखादे कुटुंब राहिले तर भिंतीचा रंग उडणारच, नळाचा वायसर झिजणारच, दाराची कडी सैल होणारच. रोजच्या वापराची झीज आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान या दोहोंत फरक आहे आणि तो आमच्या कायद्याला फार जुन्या काळापासून मान्य आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्याच्या संदर्भात वाजवी झिजेचा अपवाद स्पष्ट नमूद आहे. परवान्याच्या करारालाही तेच तत्त्व लावणे शहाणपणाचे. फुटलेल्या खिडकीची किंमत भाडेकरूने द्यावी हे रास्त. पण मालकाच्या संपूर्ण घराचा कायापालट त्याच्या खर्चाने व्हावा, हे रास्त नव्हे. करारातच ‘रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ असे लिहून घेण्याची जी रूढी पडली आहे, तीवर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

येथे मालकांची बाजूही मांडली पाहिजे. आजचा घरमालक म्हणजे चाळींचा धनी शेठच असतो असे नाही. पुष्कळदा तो निवृत्त शिक्षक असतो किंवा बँकेतला कारकून. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली दुसरी जागा हेच त्याचे निवृत्तिवेतन. शेवटचे दोन महिने भाडे न देता, सोसायटीचे आणि विजेचे पैसे थकवून रातोरात पसार होणारे भाडेकरूही या शहरांत आहेत. अनामत परत मिळणार नाही अशा खात्रीने अखेरचे भाडे थांबवण्याची युक्ती तर आता सर्रास झाली आहे. परंतु हे दुष्टचक्र आहे. भाडेकरू भाडे थांबवतो म्हणून मालक अनामत वाढवतो. अनामत बुडेल म्हणून भाडेकरू भाडे थांबवतो. दोघेही आपापल्या परीने शहाणे आणि दोघे मिळून व्यवहाराचा नाश करणारे! हे चक्र तोडावयाचे तर पैसा दोघांपैकी कोणाच्याच मुठीत राहता कामा नये.

या व्यवहारात सर्वांत दुबळा घटक म्हणजे बाहेरगावचा विद्यार्थी. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांत येणारी मुले कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्याजवळ नोंदवलेला करार नसतो. कित्येकदा साधी पावतीही नसते. परीक्षा संपते, मुलगा गावी परततो आणि त्याचे दहा-पंधरा हजार पुण्यातच राहतात. तेवढ्यासाठी चार खेपा घालण्याचे भाडे त्याला परवडत नाही, हे मालकाला नेमके ठाऊक असते. त्याच्या बापाने सोयाबीनच्या किंवा कापसाच्या पैशांतून ती रक्कम पाठवलेली असते. अशांच्या अज्ञानावर आणि अडचणीवर चालणाऱ्या धंद्याला विद्येच्या माहेरघरात स्थान असावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

मग आज, आहे त्या कायद्यात, भाडेकरूने काय करावे? पहिली गोष्ट, करार नोंदवलेलाच असला पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात सपशेल चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. दुसरी गोष्ट, अनामत रोखीने देऊ नये. बँकेमार्फत द्यावी आणि तिचा पूर्ण आकडा करारात लिहवून घ्यावा. तिसरी, घर घेताना आणि सोडताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावी व सामानाची यादी उभयतांच्या सहीने करावी. चौथी, किल्ली देणे आणि रक्कम घेणे ही एकाच बैठकीत व्हावी, विलंब झाल्यास व्याज द्यावे, असे कलम करारात असावे.

इतके करूनही रक्कम अडली, तर घर अडवून बसू नये. तसे केल्यास दुप्पट भरपाईचा फास आपल्याच गळ्यात येतो. ताबा दिल्याचा पुरावा घ्यावा, स्पीड पोस्टाने लेखी मागणी करावी आणि तीत व्याजाचाही उल्लेख करावा. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे न्यायालयाला असे व्याज देता येते. मालक चर्चेला राजी असेल, तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाव्यापूर्वीच लोकअदालतीत तडजोड होऊ शकते आणि तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. तोही मार्ग खुंटला तर दावा. त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची, हे विसरू नये.

तथापि, प्रत्येक नागरिकाने वकील व्हावे अशी अपेक्षा करणे हा उपाय नव्हे. उपाय कायद्यातच हवा आणि तो कोणी नव्याने शोधावयाचा आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९७७ च्या कायद्याने अनामत सांभाळण्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून मान्यताप्राप्त योजनेत अनामत सुरक्षित करणे मालकावर बंधनकारक आहे. न केल्यास अनामतीच्या एकपट ते तिप्पट दंड होऊ शकतो. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानेही जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि ताबा घेतेवेळीच रास्त कपात करून ती परत करावी, असे त्यात आहे. परंतु तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याविना त्याला कायद्याचे बळ येत नाही. उत्तर प्रदेशाने २०२१ सालीच दोन महिन्यांची मर्यादा आपल्या कायद्यात घातली. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला त्यात कमीपणा वाटण्याचे कारण काय?

आमची मागणी माफक आहे. अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घालावी. नोंदणीच्या वेळी करार जसा शासनाच्या दप्तरी जातो, तशी अनामतही तटस्थ खात्यात जमा व्हावी आणि तिचे व्याज ज्याचे त्याला मिळावे. कपात करावयाची असेल तर बिले दाखवण्याचा भार मालकावर असावा. आणि जो सक्षम प्राधिकारी मालकाला तीस दिवसांच्या मुदतीने ताबा देववू शकतो, त्यानेच भाडेकरूला त्याची रक्कमही देववावी. ती विनाकारण अडवणाऱ्यास दुप्पट भरण्याचा नियम लागू व्हावा. यात प्रामाणिक मालकाचे काहीही जात नाही; उलट थकलेले भाडे आणि मोडतोड यांची भरपाई तटस्थ खात्यातून त्याला निश्चित मिळेल. विधिमंडळात भाडेकरूंची मते मागावयास जाणारे आमदार सर्व पक्षांत आहेत. त्यांच्यापैकी कोण हा प्रश्न सभागृहात नेतो, याकडे आता मतदारांनी डोळे लावून बसावे आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला तो दारातच विचारावा.