वहीत नसलेली माणसे

साथ आली म्हणजे माणसाने जागच्या जागी राहावे, हा सरकारी उपाय जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले, आणि पुढल्याच वर्षी साथरोगांचा कायदा होऊन आगगाडीच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा त्याच कायद्याचा आधार घेण्यात आला. परंतु थांबावयास छप्पर लागते आणि छपराखाली धान्य लागते. ज्यापाशी दोन्ही नाहीत, त्याने थांबावे कोठे?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती अमलात आली. श्रमिकांसाठी खास गाड्या निघाल्या त्या १ मे रोजी! मधल्या पाच आठवड्यांत लोक चालू लागले, आणि आमच्या नशिराबादवरून भुसावळकडे जाणाऱ्या राजमार्गानेही ते गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्यप्रदेशी मजुरांची एक टोळी याच भुसावळची गाडी गाठण्यास रुळांच्या कडेने निघाली होती. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच निजलेल्या त्यांच्यातील सोळा जणांवरून मालगाडी गेली. शिदोरीच्या भाकऱ्या रुळांत विखुरल्या होत्या. अशा किती जणांस वाटेत मरण आले, याची माहिती आपल्यापाशी नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत सांगितले.

सरकारास दोष देणे सोपे आहे, व तो द्यावाच. तथापि आम्हां व्यापाऱ्यांपाशी तरी ती माहिती होती काय? ठेकेदारामार्फत परप्रांतांतून आणलेल्या मजुरांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ पासून होता. पण स्वतः होऊन आलेला मजूर त्यात बसत नसे, आणि जो बसे त्याचे नावही मुकादमाच्या जिभेवरच राही. केळीच्या घडांचा हिशेब आम्ही नगाने ठेवतो. ते गाडीत भरणारा हात मात्र ‘चार माणसे’ एवढ्यात आटोपतो. आणि आपली खानदेशी मुले सुरतेच्या कारखान्यांत अशीच ‘चार माणसे’ आहेत, हे विसरून चालणार नाही.

२०२१ च्या ऑगस्टपासून असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी सुरू झाली, हे चांगलेच झाले. परंतु मजूर आज कोणाच्या वखारीत आहे आणि त्याची मजुरी कोणाकडे थकली आहे, हे त्या नोंदीवरून गावास कळत नाही. नावे लिहिली म्हणजे जबाबदारी गळ्यात पडते, असे काही व्यापारीबंधू खासगीत म्हणतात. पडावी, हाच आमचा हेतू आहे.

दिवाळीस वह्यांचे पूजन होईल. त्यांत एक वही मजुरांची असावी: नाव, गाव, घरच्या माणसाचा ठिकाणा आणि बाकी मजुरी. तिची प्रत गावाच्या कचेरीत राहावी, आणि पुन्हा कधी सारे बंद करण्याचा हुकूम आला, तर तीवरून मजुरी चुकती करून आठवड्याचे धान्य पहिल्याच दिवशी वाटावे.