पडद्यावरचे सूर आणि शिक्षकाची तयारी

मँडरिन ही सूरभेदी, म्हणजे सुराच्या चढउतारावरून शब्दाचा अर्थ ठरवणारी भाषा असून, तिच्यात ‘मा’ हे एकच अक्षर सम, चढत्या, खाली जाऊन वर येणाऱ्या आणि उतरत्या सुरात उच्चारले असता अनुक्रमे आई, अंबाडीसारखी धाग्याची वनस्पती, घोडा आणि रागावणे असे अर्थ देते. म्हणूनच ही भाषा ऑनलाइन दृक्‌श्राव्य वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला केवळ उपकरणे हाताळता येणे पुरेसे नाही. आवाज उशिरा पोहोचत असल्याने सामूहिक उच्चारण विस्कळीत होते. त्यामुळे एकेकाचा सूर स्वतंत्रपणे ऐकणे, चीनने १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन उच्चारलेखन पद्धतीतील सूरचिन्हे पडद्यावर दाखवणे आणि अक्षरातील रेघांचा क्रम हातावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून उलगडणे, ही कौशल्ये प्रशिक्षणातच रुजली पाहिजेत. मराठीभाषक विद्यार्थ्यांना ‘त’ आणि ‘थ’ यांतील महाप्राणाचा, म्हणजे उच्चारासोबत सुटणाऱ्या श्वासाचा, भेद परिचित असल्याने मँडरिनमधील तशाच भेदासाठी शिक्षकाला त्याचा आधार घेता येतो. भाषासंस्थांनी तंत्रावर खर्च करण्यापूर्वी शिक्षकाच्या कानाची आणि पद्धतीची तयारी करून घ्यावी, हेच आग्रहाचे आवाहन.