क्रमांक मोकळा, संच मात्र बंदिस्त

मोबाइल फोनचा क्रमांक तोच ठेवून सेवा देणारी कंपनी बदलण्याचा अधिकार भारतातील ग्राहकाला २० जानेवारी २०११ रोजी देशभर मिळाला. त्याआधी २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात या सोयीचा प्रारंभ झाला होता. पुढे ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडळातून दुसऱ्या परिमंडळात जातानाही क्रमांक कायम राखता येऊ लागला. प्रारंभी अवघ्या १९ रुपयांत हे काम होत असे. त्यामागचा विचार सरळ होता. ग्राहकाला दुकान बदलणे जितके सोपे, तितका दुकानदार वठणीवर राहतो. क्रमांक गमावण्याची भीती ही ग्राहकाच्या पायातील बेडी आहे, हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ओळखले आणि ती तोडली. या निर्णयाचे त्या वेळी सर्वत्र स्वागत झाले व ते योग्यच होते.

परंतु बेडी एकच नव्हती. क्रमांक नव्या कंपनीकडे गेला, तरी खिशातील संच तेथे चालेलच असे नाही. हा प्रश्न आजवर दुकानदाराच्या आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या अखत्यारीतला मानला गेला. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत आपले दर सुमारे १० ते २५ टक्क्यांनी वाढवले. त्या एका महिन्यात भारत संचार निगमच्या ग्राहकसंख्येत सुमारे २९ लाखांची भर पडली. वर्ष संपण्यापूर्वीच हा ओघ उलटला आणि नोव्हेंबरात निगमचे ग्राहक पुन्हा घटू लागले. निगमचे ४जी जाळे तेव्हा पुरेसे उभे नव्हते, हे त्याचे प्रमुख कारण खरेच. तथापि निगमने ४जीसाठी जे ७०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरले, ते पकडण्याची क्षमता अनेक जुन्या व स्वस्त संचांत नाही, हेही विसरता येत नाही. अशा ग्राहकाला कंपनी बदलण्यासाठी नवा संच घ्यावा लागतो. दरमहा ५०-६० रुपये वाचवण्याकरिता सात-आठ हजारांचा संच कोण घेईल?

अडथळे दोन प्रकारचे

एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर न चालण्याची कारणे दोन. पहिले कारण म्हणजे मुद्दाम घातलेले कुलूप. संच सर्व दृष्टींनी सक्षम असतो, परंतु विकणाऱ्या कंपनीने त्यातील संगणकीय आज्ञावलीत अशी तजवीज केलेली असते की दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घातल्यास तो ते नाकारतो. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलाने तेथे सवलतीत घेतलेला फोन पुण्या-मुंबईला आईवडिलांसाठी आणावा आणि तो येथील कार्ड स्वीकारू नये, हा अनुभव मराठी मध्यमवर्गाला नवा नाही.

दुसरे कारण क्षमतेचे. प्रत्येक कंपनी सरकारकडून लिलावात घेतलेल्या ठराविक रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर सेवा देते आणि संचात त्या पट्ट्यांची सोय असावी लागते. त्यातही पिढ्यांचा भेद आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स जिओच्या जाळ्यात २जी आणि ३जी मुळातच नाही. त्यामुळे बटणांचा साधा २जी फोन वापरणाऱ्याला ही देशातील सर्वांत मोठी कंपनी निवडताच येत नाही. क्रमांक बदलून घेण्याचा त्याचा अधिकार कागदावर पूर्ण असतो, व्यवहारात मात्र तो उरलेल्या कंपन्यांपुरताच राहतो. ५जीच्या बाबतीत भेद आणखी सूक्ष्म झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा जिओने स्वतंत्र गाभ्याची रचना निवडली, तर एअरटेलने आपल्या ४जीच्या आधाराने चालणारी. खोक्यावर '५जी' असे ठळक छापलेले असले, तरी दोन्ही रचना संचाला झेपतात की नाही, हे ग्राहकाला त्यावरून कळत नाही.

पहिला अडथळा हेतुपुरस्सर आहे आणि दुसरा तंत्राचा, असा फरक केला जातो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दोहोंचा परिणाम एकच. त्याचे पैसे संचात अडकलेले असतात आणि म्हणून तोही कंपनीत अडकतो. अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. हा खर्च जितका मोठा, तितकी दरवाढ करण्याची मोकळीक कंपनीला अधिक.

जुना धडा

जाळे ज्याचे, त्याचेच यंत्र, ही वृत्ती मोबाइलहून जुनी आहे. अमेरिकेत एके काळी ए. टी. अँड टी. या कंपनीची तारांवर जवळजवळ मक्तेदारी होती. तिचीच उपकंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिक फोन बनवी आणि ग्राहक ते भाड्याने वापरी. परके यंत्र तारेला जोडण्यास मनाई होती. टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी दुतर्फी रेडिओ टेलिफोनशी जोडणारे 'कार्टरफोन' हे उपकरण बनवले आणि कंपनीच्या मनाईला आव्हान दिले. १९६८ मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाने निर्णय दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला आपले यंत्र जोडण्याचा अधिकार आहे. पुढे निरोप टिपून ठेवणारी यंत्रे, फॅक्स आणि संगणकाचे मोडेम यांची खुली बाजारपेठ उभी राहिली, तिचा पाया या निर्णयात होता.

तारेवर मिळालेले हे स्वातंत्र्य बिनतारी फोनच्या युगात मात्र टिकले नाही. १९९८ च्या स्वामित्वहक्कविषयक कायद्याने संगणकीय कुलूप तोडण्यास मनाई केली. फोनसाठी असलेली सूट २०१२ मध्ये काढून घेण्यात आली आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीच्या संमतीवाचून उघडणे बेकायदा ठरले. एक लाखाहून अधिक नागरिकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केल्यावर १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा कायदा होऊन ती सूट परत मिळाली. कॅनडा आणि ब्रिटन यांनी अधिक स्पष्ट मार्ग स्वीकारला. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून, तर ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूप घातलेला फोन विकण्यासच कंपन्यांना बंदी झाली. म्हणून तेथील मोबाइल उद्योग बुडाला नाही.

स्वस्ताईची किंमत

भारतात ग्राहक बहुधा संच वेगळा घेतो आणि सिमकार्ड वेगळे. त्यामुळे कुलपाची प्रथा येथे फारशी रुजली नाही. परंतु तिचे जे मोजके प्रयोग झाले, त्यांतले मोठे प्रयोग अल्प उत्पन्नाच्या ग्राहकावर झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सीडीएमए तंत्राची सेवा सुरू केली आणि जुलै २००३ मध्ये प्रारंभी अवघे ५०१ रुपये भरून फोन देण्याची योजना आणली. लाखो घरांत पहिला मोबाइल त्यामुळे आला, हे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्या काळच्या त्या संचात वेगळे सिमकार्ड नव्हते आणि क्रमांक संचातच नोंदलेला असे. कंपनी सोडली की संच निरुपयोगी. पुढे देशात सीडीएमए सेवाच गुंडाळली गेली, तेव्हा असे संच भंगारात गेले.

२०१७ मध्ये १५०० रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर आलेला जिओफोन आणि २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारत हे दोन्ही संच त्याच कंपनीच्या जाळ्याला बांधलेले आहेत. कंपनीची बाजू अशी की, संच उत्पादनखर्चाहून स्वस्त दिला, तर ती तूट सेवेच्या उत्पन्नातून भरून काढावीच लागेल. कुलूप नसेल, तर ग्राहक स्वस्त संच घेऊन प्रतिस्पर्ध्याकडे जाईल आणि मग कोणीच स्वस्त संच देणार नाही. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो व त्यात तथ्यही आहे. परंतु त्यातून कुलपाचे समर्थन होते ते केवळ तूट भरून निघेपर्यंत. कर्जाची फेड झाल्यावर सावकाराने तारण परत करावे, एवढी अपेक्षा शेतकऱ्यालाही असते. येथे तर फेड कधी पुरी झाली, याचा हिशेबच ग्राहकापुढे नसतो. शिवाय संच स्वस्त आणि सेवा महाग, की दोन्ही स्वस्त, याची तुलना करण्याची संधी बांधील ग्राहकाला उरत नाही.

संचाची ही विसंगती केवळ पैशापुरती नाही. ऑस्ट्रेलियात ३जी जाळी बंद करण्याची प्रक्रिया २०२४ मध्ये पुरी झाली, तेव्हा असे आढळले की काही संच ४जीवर एरवी नीट चालत, परंतु त्यांवरून आणीबाणीचा क्रमांक लागत नसे. अखेर अशा संचांना सेवाच नाकारण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. त्यांत परदेशातून आणलेले संचही होते. भारतात एअरटेलने ३जी सेवा २०२० मध्येच आवरली. २जीचा दिवसही केव्हा ना केव्हा मावळणार आहे. त्या दिवशी खेड्यातील वृद्धाच्या हातातील बटणांच्या फोनवरून ११२ हा क्रमांक लागेल की नाही, याचा विचार आधीच झाला पाहिजे.

उपाय अवघड नाहीत

येथे अडचण अशी सांगितली जाते की, दूरसंचार प्राधिकरणाचे काम सेवेपुरते आहे, संच त्याच्या कक्षेत येत नाही. परंतु संचाबाबत नियम करण्याचा अधिकार शासनाकडे आहे आणि तो वापरलाही गेला आहे. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक मोबाइल संचात संकटकाळी मदत मागण्याचे बटण असणे बंधनकारक केले. सुरक्षेसाठी बटण सक्तीचे करता येत असेल, तर निवडीच्या स्वातंत्र्यासाठी चार ओळी छापणे सक्तीचे का करता येऊ नये?

पहिला उपाय माहितीचा. संच देशातील कोणत्या कंपन्यांच्या ४जी व ५जी जाळ्यांवर बोलण्यासह चालतो, हे खोक्यावर मराठीसह त्या त्या प्रदेशाच्या भाषेत स्पष्ट लिहिलेले असावे. लहरपट्ट्यांचे आकडे शिक्षकाला वा कारकुनाला उमगत नाहीत, कंपनीचे नाव मात्र उमगते. दुसरा उपाय कुलपाला मुदत घालण्याचा. सवलतीच्या संचावर कुलूप असेल, तर ते कोणत्या तारखेला विनामूल्य उघडेल, हे पावतीवर नोंदवावे. तिसरा उपाय तंत्र बंद करण्याविषयीचा. एखादी कंपनी जुनी पिढी बंद करणार असेल, तर तिने पुरेशी पूर्वसूचना द्यावी आणि बांधील संच विकले असतील, तर बदली संचाचा भारही उचलावा. यांपैकी एकाही उपायाने सरकारी तिजोरीवर बोजा पडत नाही.

यातील निकड समजण्यासाठी बाजारपेठेची आजची स्थिती पाहावी. क्रमांक राखण्याचा अधिकार आला, तेव्हा बहुतेक परिमंडळांत डझनभर कंपन्या झगडत होत्या. एक कंपनी न आवडली, तर दहा उभ्या होत्या. आज तीन खासगी कंपन्या आणि सरकारी क्षेत्र एवढेच उरले आहे. ग्राहक अधिक असताना आणि विक्रेते मोजके असताना विक्रेत्यांवर अंकुश राहतो तो ग्राहक निघून जाईल या धास्तीचाच. संचामुळे ती धास्ती संपली, तर २०११ मध्ये दिलेला अधिकार नियमपुस्तकात शिल्लक राहील आणि दरपत्रकावर त्याचा कोणताही परिणाम दिसणार नाही. क्रमांकाची बेडी तोडणाऱ्या नियामकांनी संचाची बेडीही तोडावी, आणि ती पुढील दरवाढ होण्यापूर्वी तोडावी, हेच आता इष्ट आहे.