गोवा एक्सप्रेसचं तत्काळ: साताऱ्याची तारीख वेगळी, वास्कोची वेगळी

सातारा-सांगलीकरांसाठी दिल्लीची रोजची गाडी म्हणजे वास्को–हजरत निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस. दुपारी वास्कोहून निघालेली ही गाडी रात्री सांगलीला येते, पण साताऱ्यात पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असते. घोळ इथेच होतो.

तत्काळ बुकिंग उघडतं ते गाडी मूळ स्टेशनवरून निघायच्या आदल्या दिवशी. एसीचं सकाळी १० ला, नॉन-एसीचं ११ ला. समजा साताऱ्याहून तुमच्या तिकिटावर ११ तारीख आहे. गाडी वास्कोहून १० ला निघणार, म्हणजे तत्काळ ९ लाच उघडतं. १० ला सकाळी लॉगिन केलंत तर एक दिवस उशीर झालेला असतो. सांगलीकराच्या तिकिटावर १० तारीखच असते, त्यामुळे त्याचा हिशोब सरळ बसतो.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आलं. तिथे हुकलं की उरतं तत्काळ, आणि १ जुलै २०२५ पासून त्याला आधार-पडताळणी केलेलं आयआरसीटीसी खातं लागतं. तेव्हा पडताळणी आजच उरका, आणि तारीख मोजायची ती वास्कोची.