संकेतस्थळाचे गाळप मंद का?



गेल्या हंगामात आम्ही एका गट ऑफिसात बसलो होतो. एक वयस्क सभासद मोबाईल हातात धरून आले. आदल्या रात्री त्यांच्या उसाची खेप काट्यावर गेली होती. वजन किती भरले एवढेच त्यांना पाहायचे होते. पण कारखान्याचे संकेतस्थळ काही उघडेना. "आरं पोरा, ह्ये चाक नुस्तंच गरगर फिरतंय. काटा किती झाला तेवढं सांग की!" असे ते स्लिपबॉयला म्हणाले. "आबा, रेंज नाही," असे उत्तर मिळाले. आबा गुमान परत गेले.

वास्तविक रेंज होती. नंतर आम्ही तेच पान उघडून तपासले. वजनाचा आकडा म्हणजे दोन ओळींचा मजकूर. पण त्याच्या आधी मोळीपूजनाचे फोटो उतरत होते, जसे कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले. ३ एमबीचा एक असे १० फोटो धरले तरी ३० एमबी झाले. आणि खरी गोम पुढेच आहे. दुसऱ्यांदा पान उघडले, तर तेच फोटो, तेच बोधचिन्ह, सगळे पुन्हा पहिल्यापासून उतरू लागले!

यावर उपाय म्हणून मोठा सर्व्हर घ्यावा, अशी सूचना काही मंडळी करीत आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु आमचे स्पष्ट मत असे, की हा खर्च करण्याची घाई होऊ नये. याहू कंपनीत याच विषयाचे काम पाहणारे स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की पान उघडण्यास लागणाऱ्या वेळापैकी ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरवर पान तयार करण्यात जात नाही. तो पानाचे फोटो व इतर फाईली आणण्यात आणि मांडण्यात जातो. गव्हाणीत ऊस अडकला असताना बॉयलर मोठा करून काय उपयोग?

ब्राउझरला साठा ठेवण्याची सोय असते. तिला 'कॅश' म्हणतात. ऊसतोडणीची टोळी हंगामाच्या सुरुवातीला कोयते, भांडीकुंडी एकदाच आणते. रोज सकाळी कोयता आणायला कोणी गावी जात नाही. तसेच बोधचिन्ह आणि पानाची सजावट करणाऱ्या फाईली फोनमध्ये एकदा उतरल्या की तिथेच राहाव्यात. त्यासाठी सर्व्हरने फाईलबरोबर 'कॅश-कंट्रोल' नावाची सूचना पाठवावयाची असते. तीत मुदत सेकंदांत लिहितात. ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे एक वर्ष. बोधचिन्ह बदलले तर नव्या फाईलला नवे नाव द्यावे, म्हणजे जुनी फाईल दिसत राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

मात्र सगळेच साठवून चालणार नाही. सूचनाफलकाचे पान केव्हाही बदलते. त्याला 'नो-कॅश' ही सूचना द्यावी. नाव फसवे आहे. तिचा अर्थ साठवू नका असा नसून, वापरण्यापूर्वी विचारा असा आहे. फाईलला 'ई-टॅग' ही खूण दिलेली असली, की ब्राउझर विचारतो, "काही बदललंय का?" बदल नसेल तर सर्व्हर '३०४' एवढेच उत्तर देतो आणि फोनमधील प्रत दाखवली जाते.

वजन, कपात आणि बिलाचे पान मात्र 'नो-स्टोअर' असावे, म्हणजे मुळीच साठवू नये. एक तर शिळा आकडा पाहून सभासद फसेल. दुसरे असे, की आपले कित्येक सभासद पुतण्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवर बिल पाहतात. त्यांचा हिशेब परक्या फोनमध्ये राहता कामा नये. या बाबतीत ढिलाई झाल्यास वेग वाढेल, पण विश्वास जाईल.

साठ्याचा फायदा दुसऱ्या खेपेपासून मिळतो. म्हणून पहिल्या खेपेचे ओझेही उतरवले पाहिजे. फोटो फोनच्या पडद्याच्या मापाचे करावेत; ३ एमबीचा फोटो १५० किलोबाईटमध्ये चांगला दिसतो. जे फोटो पानाच्या तळाशी आहेत ते तिथवर गेल्यावरच उतरावेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाईल जड होते. बहुतेक फोनमध्ये तो टंक असतोच, तोच वापरावा. आणि मुख्य म्हणजे काट्याचा आकडा सर्वांत वर, सर्वांत आधी यावा.

हिशेब सरळ आहे. समजा, ५००० सभासद रोज एकदा पान उघडतात आणि प्रत्येक वेळी २ एमबी उतरते. म्हणजे रोजचे १० जीबी झाले. तेच साठ्यामुळे २० किलोबाईटवर आले तर १०० एमबी. हा डेटा सभासदाच्या पैशाने जातो, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आमची सूचना अशी. संकेतस्थळाचे काम करणाऱ्यांकडून प्रथम ही दुरुस्ती करून घ्यावी. तपासणी ऑफिसातल्या संगणकावर न करता साध्या फोनवर, उसाच्या फडात उभे राहून करावी. गूगलने २०२० साली ठरवलेल्या मापाप्रमाणे पानावरील मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. एवढे करूनही गाडी अडली, तर सर्व्हरचा विषय खुशाल सर्वसाधारण सभेपुढे आणावा; आम्ही विरोध करणार नाही.

मोळीपूजनाचे फोटो सर्वांनाच आवडतात, आम्हांलाही आवडतात. पण आबांना त्या दिवशी फक्त आपल्या उसाचे वजन हवे होते. ते त्यांना आधी मिळावे, फोटो मागाहून आले तरी चालतील.