डिस्चार्ज झाला, फॉलो-अपचे काय?

पोलीस एखाद्या मुलाला आमच्याकडे घेऊन येतात, तेव्हा त्यांच्या हातातल्या पत्रात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : याचे वय किती? शाळेचा दाखला नसतो, जन्माचा दाखला नसतो, म्हणून वयनिश्चितीचा आदेश निघालेला असतो. मग मनगटाचा, कोपराचा एक्स-रे काढतात, दात तपासतात आणि आम्ही लिहून देतो, 'अंदाजे सोळा ते अठरा वर्षे'. सरकारी रुग्णालयातल्या नोकरीत अशा कितीतरी कागदांवर मी सही केली. ती मुले पुढे कुठे गेली, हे मात्र कधी विचारले नाही.

मागच्या वर्षी एक तरुण ओपीडीत आला. कामासाठी फिटनेसचा दाखला हवा होता. बाही वर करताना म्हणाला, "सर, या हाताचा फोटो तुमच्याकडेच काढला होता." मारामारीच्या प्रकरणात निरीक्षणगृहात होता. बाहेर आल्यावर तीन कामे लागली आणि सुटली. दर वेळी कुणीतरी मालकाच्या कानावर जुनी गोष्ट घातली. आता एका गॅरेजवाल्याने सगळे माहीत असूनही ठेवून घेतले होते, एका संस्थेतल्या ताईंच्या शब्दावर. "ताई दर शनिवारी फोन करतात. कामावर गेलास का, जेवलास का, एवढंच विचारतात." नाडी, रक्तदाब ठीक होते. मी दाखला दिला, पण त्याचे बोलणे डोक्यातून गेले नाही.

क्षयाच्या रुग्णाला सहा महिन्यांच्या गोळ्यांची पिशवी हातात देऊन आपण 'जा' म्हणत नाही. गोळ्या घेतो का, वजन वाढते का, यावर कुणीतरी लक्ष ठेवते. मध्येच उपचार सुटला तर आजार उलटतो आणि घरातल्या इतरांनाही होतो, हे आपण अनुभवातून शिकलो. विधिसंघर्षग्रस्त मुलाला मात्र आपण डिस्चार्ज देतो आणि फॉलो-अप विसरतो.

कायदा विसरलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या १८ ते २१ वयाच्या तरुणांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे. 'मिशन वात्सल्य'मध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. लहानपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवू नये, असे हाच कायदा सांगतो. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाचा, ज्याच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालतो. पण मालकाच्या कानावर पडलेली गोष्ट कायद्याने पुसली जात नाही, आणि महिन्याच्या पैशांनी सकाळी उठून जायला ठिकाण मिळत नाही.

काम आणि पाठीशी एक जबाबदार माणूस, या औषधाचा गुण येतो का? याची चाचणी झाली आहे, तीही नव्या गोळीची घेतात तशी. अमेरिकेतील शिकागो शहरात, जास्त हिंसाचार असलेल्या भागांतील १३ शाळांमधल्या १,६३४ मुलामुलींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. एका गटाला उन्हाळ्यात आठ आठवडे अर्धवेळ पगारी काम आणि सोबत एक प्रौढ मार्गदर्शक मिळाला. दुसऱ्या गटाला नाही. पुढच्या सोळा महिन्यांत पहिल्या गटातल्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. २०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात हा अभ्यास आला. फरक बराचसा काम संपल्यानंतरच्या महिन्यांत दिसला, म्हणजे मुले फक्त कामात अडकून पडली म्हणून शांत राहिली असे नव्हे. चोरीसारख्या गुन्ह्यांत मात्र विशेष घट झाली नाही. यातली बहुतेक मुले आधी कधी पकडली गेलेली नव्हती, हेही लक्षात ठेवावे. कोणतेच औषध सगळ्या आजारांवर चालत नाही. पण आठ आठवड्यांत एवढा गुण देणारी गोळी असती, तर आम्ही ती लिहून दिलीच असती.

आपल्याकडेही हे नवे नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत कोठडीतून सुटणाऱ्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो आहे. कागदपत्रे, राहण्याची सोय, कामाचा अनुभव, मग नोकरी, अशा पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. अशी कामे मूठभर संस्थांच्या खांद्यावर आहेत, हीच अडचण.

ज्यांच्या घरातल्या माणसाने मार खाल्ला, त्यांना हे सारे लाड वाटतील. त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या जखमांना टाके मीच घातले आहेत. म्हणूनच सांगतो, त्याच हाताने झालेली दुसरी जखम माझ्या टेबलावर येऊ नये, यासाठीच हा खटाटोप आहे.

रुग्णालयात मी आता एवढे करतो. वयनिश्चितीला आलेल्या मुलाची झोप, व्यसन, जुना मार, याबद्दल विचारतो आणि गरज असेल तर समुपदेशकाकडे पाठवतो. त्याच्या नावाचा केसपेपर काढून सांगतो, "सुटलास की हा घेऊन ये, पोलीस सोबत नसले तरी चालेल." सगळे येत नाहीत. काही येतात.

बाकीचे माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. तुमचे गॅरेज असेल, बेकरी असेल, छापखाना असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन एवढे विचारा : काम शिकायला एखादा मुलगा आहे का? ठेवलात, तर त्याची जुनी गोष्ट दुकानात सांगू नका. आणि शनिवारी एक फोन करा.