वाळूच्या रंगाची पायघडी

पांढरकवड्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. लेकीचे लग्न डिसेंबरात, मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर, गोरज मुहूर्तावर ठरले आहे. सजावट सारी ‘नैसर्गिक’ रंगांची : कोऱ्या सुती कापडाचा मांडव, वेताच्या खुर्च्या, वाळूशी मिळतीजुळती पायघडी. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या; डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे दुखरे. मुले म्हणतात, आजीने घरी बसूनच मोबाइलवर सोहळा पाहावा. त्यांना न्यावे की नाही?

डॉक्टरांनी प्रवासास संमती दिली असेल तर अवश्य न्यावे. मात्र सजावटीचा बेत थोडा बदलावा लागेल.

वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. विशीच्या तुलनेत साठीतील डोळ्याच्या पडद्यावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पांढरा, मोतिया, बदामी, वाळूचा रंग, ही तरुणांना मोहविणारी छटांची उतरंड वृद्ध डोळ्यांना एकच पट्टा भासते. पायघडी कोठे संपली, मंचाची पायरी कोठे सुरू झाली, हे उमगत नाही आणि तोल जातो. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे किती महिन्यांचे परावलंबन, हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगावयास नको.

यासाठी निसर्गाची संगत सोडण्याचे कारण नाही. मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा गडद निळा, काथाचा तपकिरी हेही निसर्गाचेच रंग. पायघडीच्या दोन्ही कडांना आणि प्रत्येक पायरीच्या ओठाला यांपैकी एका रंगाची चार बोटे रुंद पट्टी घट्ट शिवून घ्यावी. आजींची खुर्चीही गडद रंगाची असावी. वेताची खुर्ची वाळूवर ठेवली की बैठक नेमकी कोठे आहे हे कळत नाही. झेंडूच्या पाकळ्या मात्र वाटेवर पसरू नयेत, पाय घसरतो.

गोरज मुहूर्ताची आणखी एक अडचण आहे. तारकर्लीचा समुद्र पश्चिमेला, म्हणजे मावळता सूर्य थेट डोळ्यांत. मोतीबिंदू असलेल्यांना त्या झळाळीत अंतरपाटही दिसणार नाही. आजींची खुर्ची सूर्याकडे पाठ किंवा कूस करून, वधूवरांच्या अगदी जवळ मांडावी. सूर्य मावळल्यावर अंधार झपाट्याने उतरतो आणि वृद्ध डोळे त्याला सावकाश सरावतात. परतीच्या वाटेवर पावलांच्या उंचीला दिवे हवेत. झाडांवरच्या माळा पुरेशा नाहीत.

सुक्या वाळूत चालण्यास कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते. काळ्या मातीतल्या शेतात जन्मभर राबलेल्या बाईलाही तेथे धाप लागेल. चाकाची खुर्चीही वाळूत रुतते. म्हणून गाडी थांबते तेथपासून खुर्चीपर्यंत प्लायवूडच्या फळ्या व त्यांवर काथ्याची चटई पक्की बसवून घ्यावी. खुर्चीच्या पायांखालीही फळी हवी. मधुमेहाने पावले बधिर झाली असतील तर लग्नविधीतही अनवाणी चालू नये. शिंपल्याची जखम त्यांना कळतही नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा मांडव किती मागे घ्यावा हे तिथल्या मच्छीमारांनाच विचारावे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट शौचालयाची. ते दूर असले की वडीलधारी मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि किनाऱ्याच्या दमट उन्हात त्यांना भोवळ येते. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. खोली शक्यतो तळमजल्यावरची, मांडवाच्या जवळची घ्यावी. आपल्याकडची बोचरी थंडी तिकडे नसते. समुद्रावरच्या वाऱ्यासाठी एक सुती शाल पुरे.

आणि एक जबाबदार नातवंड त्या संध्याकाळी केवळ आजींसाठी नेमावे. छायाचित्रांच्या धांदलीत ‘सगळेच आहेत’ म्हणता म्हणता आजींजवळ कोणीच नसते.